युद्धाची देणी, स्वातंत्र्याची हद्द



अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजी मंजूर झाला. २०२६ मध्ये त्याला अडीचशे वर्षं होतात. आजच्या विषयाला एवढं निमित्त पुरेसं आहे. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं जगाला बजावणारा हा मसुदा थॉमस जेफरसननं लिहिला. त्याच जेफरसननं आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्या वेळी तेरा वसाहतींत साधारण पंचवीस लाख लोक राहत होते आणि त्यांतला दर पाचवा माणूस गुलाम होता.

या विसंगतीवर दोन उत्तरं हाताशी असतात. पहिलं म्हणजे हे सगळे ढोंगी होते. दुसरं म्हणजे काळच तसा होता, त्यांनी पाया घातला आणि पुढच्यांनी काम पुरं केलं. पहिल्या उत्तरानं आपला राग शांत होतो, दुसऱ्यानं त्यांचा अभिमान शाबूत राहतो. पण हद्द नेमकी तिथेच का आखली गेली, याचा उलगडा दोन्हींतून होत नाही. गोऱ्या कारागिराला आत घेतलं आणि त्याच्या शेजारी लढलेल्या काळ्या शिपायाला बाहेर ठेवलं, हे का?

मी आज याचं उत्तर जमाखर्चाच्या वहीत शोधणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. प्रत्येक लढाई मागे देणी ठेवून जाते. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत ही देणी दुसऱ्याच्या नावावर चढवायची ताकद ज्यांच्या हाती आली, ते स्वतंत्र नागरिक झाले. ज्यांच्या नावावर ती चढली, ते हद्दीबाहेर राहिले. ही हद्द विचारांतल्या गोंधळामुळे पडलेली नाही. ती हिशेबानं आखलेली आहे.

आधीचे हिशेब

आपण क्रांतीपासून सुरुवात करतो, पण वसाहतींच्या लढाया त्याआधी दीडशे वर्षं चालू होत्या. १६३७ मध्ये कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ मिस्टिक इथल्या पीक्वॉट लोकांच्या तटबंदीच्या गावाला वसाहतवाल्यांनी आणि त्यांच्या दोस्त जमातींनी वेढा घालून आग लावली. बायकामुलांसह शेकडो माणसं त्यात मेली. १६७५-७६ मध्ये मेटाकॉम या वाम्पानोआग नायकाविरुद्धची लढाई संपली, तेव्हा त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं गेलं आणि ते कित्येक वर्षं तिथेच राहिलं. पकडलेल्या शेकडो लोकांना गुलाम म्हणून विकण्यात आलं. लढाईचा खर्च असा लढाईतूनच वसूल होत असे.

दक्षिणेकडे व्हर्जिनियात त्याच १६७६ साली नॅथॅनिअल बेकनचं बंड झालं. सीमेवरच्या जमीनहीन गोऱ्यांना मूळ रहिवाशांच्या जमिनी हव्या होत्या, गव्हर्नर बर्कली त्यांना आवरत होता. बंडखोरांनी राजधानी जेम्सटाउन जाळली. त्यांच्यात करारानं बांधलेले गोरे नोकर होते आणि काळे गुलामही होते. हे दोघं एकत्र येतात हे पाहून मोठे जमीनदार हादरले. पुढच्या काही दशकांत त्यांनी गोऱ्या नोकरांऐवजी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांवर भर दिला आणि कायद्यानं दोघांमध्ये भिंत घातली. १७०५ च्या व्हर्जिनियाच्या कायद्यातलं एक कलम मुद्दाम सांगतो. गुलामाजवळ घोडा, गाय किंवा डुक्कर असेल तर ते जप्त करायचं, विकायचं आणि आलेला पैसा त्या धर्मपरगण्यातल्या गरिबांसाठी खर्चायचा. गरीब गोऱ्याला मदत मिळाली, पण ती श्रीमंताच्या पेटीतून आली नाही. ती गुलामाच्या गोठ्यातून आली. पुढच्या शंभर वर्षांचा नमुना या एका कलमात आहे.

ओहायोच्या खोऱ्यातलं कर्ज

आता १७५४ मध्ये येऊ. व्हर्जिनियाच्या काही धनिकांनी ओहायो कंपनी नावाची जमीन-कंपनी काढली होती आणि जॉर्ज वॉशिंग्टनचे थोरले भाऊ तिच्यात भागीदार होते. ओहायो नदीच्या खोऱ्यावर फ्रेंचांचाही दावा होता. २८ मे १७५४ रोजी बावीस वर्षांच्या वॉशिंग्टनच्या तुकडीनं सेनेका नायक टॅनाकॅरिसनच्या साथीदारांसह एका फ्रेंच तुकडीवर पहाटे हल्ला केला. तिचा अधिकारी जुमोनव्हिल त्यात मारला गेला. सव्वा महिन्यानं फ्रेंचांनी वॉशिंग्टनला फोर्ट नेसेसिटी इथं शरण यायला लावलं. किल्ला सोडून तो बाहेर पडला तो दिवस होता ४ जुलै.

या चकमकीतून पेटलेलं युद्ध युरोप, कॅरिबियन आणि बंगालपर्यंत पसरलं. १७६३ च्या पॅरिस तहानं फ्रान्सला उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून जवळजवळ बाहेर काढलं. ब्रिटन जिंकलं आणि कर्जात बुडालं. साडेसात कोटी पौंडांच्या आसपास असलेलं राष्ट्रीय कर्ज तेरा कोटींच्या वर गेलं. शिवाय जिंकलेल्या मुलखात सुमारे दहा हजार फौज ठेवायची होती. ही देणी फेडायची कुणी? लंडनला वाटलं, ज्यांच्या रक्षणासाठी लढलो त्यांनी. वसाहतवाल्यांना वाटलं, आम्ही रक्त सांडलं तेच पुरे. आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं घडलं, त्या जमातींना कुणी विचारलंच नाही. फ्रेंच राजानं जी जमीन ब्रिटिशांना देऊन टाकली, ती मुळात त्याची कधी नव्हतीच, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच वर्षी ओडावा नायक पॉन्टिअॅक आणि इतर जमातींनी ब्रिटिशांचे एकामागून एक किल्ले घेतले. फोर्ट पिटला वेढा पडला असताना वाटाघाटींसाठी आलेल्या लेनापे प्रतिनिधींना देवीच्या इस्पितळातल्या घोंगड्या आणि रुमाल भेट म्हणून देण्यात आले. हेतू काय होता, ते तिथल्या एका व्यापाऱ्यानंच रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पॅक्स्टनच्या टोळीनं कोनेस्टोगा गावच्या निरुपद्रवी वस्तीतले सहाजण मारले. उरलेल्या चौदांना लँकेस्टरच्या सरकारी इमारतीत संरक्षण दिलं होतं, टोळीनं तिथे घुसून त्यांनाही कापून काढलं. कुणावरही खटला चालला नाही.

अशा लढाया परवडेनात म्हणून लंडननं ७ ऑक्टोबर १७६३ ला राजघोषणा काढली. अॅपलेशियन पर्वताच्या पलीकडे वसाहतवाल्यांनी जायचं नाही. या रेषेचं पुढे जे झालं, ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. बांध कागदावर जागच्या जागी असतो आणि शेजारी दर नांगरटीला तो थोडा थोडा कोरत असतो. १७६७ मध्ये वॉशिंग्टननं विल्यम क्रॉफर्ड या मोजणीदाराला पत्र लिहिलं. ही घोषणा म्हणजे इंडियनांना शांत ठेवण्याची तात्पुरती सोय आहे, तेव्हा चांगल्या जमिनी आत्ताच हेरून ठेव आणि शिकारीचं निमित्त सांगून काम गुपचूप कर, असा त्याचा आशय. १७५४ च्या लढाईसाठी भरती झालेल्यांना व्हर्जिनियानं दोन लाख एकर जमीन कबूल केली होती. वॉशिंग्टननं स्वतःचा वाटा घेतला आणि इतर शिपायांचे हक्कही विकत घेतले. स्वातंत्र्ययुद्धाच्या सेनापतीची ओहायोतली भूक राजाच्या रेषेवर अशी अडली होती. चहाच्या बरोबरीनं ही गोष्टही क्रांतीच्या कारणांत धरायला हवी.

चहा आणि कंपनी

कर आणि प्रतिनिधित्वाची गोष्ट आपण शाळेत शिकतो, म्हणून ती झरझर सांगतो. १७६५ चा मुद्रांक कायदा, त्यावरची दंगल, पुढच्या वर्षी माघार. १७६७ चे टाउनशेंड कर, पुन्हा बहिष्कार. ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये शिपायांनी गोळीबार केला आणि पाचजण गेले. त्यांत क्रिस्पस अॅटक्स होता. तो आफ्रिकी आणि मूळ अमेरिकन वंशाचा खलाशी, एके काळचा पळून आलेला गुलाम. क्रांतीच्या हुतात्म्यांच्या यादीत पहिलं नाव त्याचं लागतं.

चहावर मात्र थोडं थांबू. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टन बंदरात ज्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, त्यांतला चहा चीनचा होता आणि मालक होती ईस्ट इंडिया कंपनी, तीच आपल्या ओळखीची. १७६९-७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर आणि १७७२ च्या लंडनमधल्या पतसंकटानंतर कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती. पार्लमेंटनं तिला कर्ज दिलं आणि गोदामात पडलेला चहा अमेरिकेत स्वस्तात खपवायची सवलत दिली. बंगालची लूट, कंपनीचा तोटा आणि बॉस्टनचा चहा हे एकाच खातेवहीतलं. वसाहतींतल्या पत्रकांत कंपनीच्या आशियातल्या जुलमांचे दाखले दिले जात होते, पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सननं तर बंगालच्या उपासमारीचा उल्लेख केला. दूरच्या भुकेल्यांबद्दलची ही कळकळ घराजवळच्या मळ्यापर्यंत मात्र पोचली नाही. आणि चहा बुडवणाऱ्यांनी वेष घेतला होता मोहॉक इंडियनांचा.

आपल्या इतिहासाचा सांधा इथे खरोखर जुळतो. रघुनाथरावानं मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला मार्च १७७५ मध्ये, लेक्सिंग्टनला अमेरिकन क्रांतीची पहिली गोळी सुटली १९ एप्रिल १७७५ ला. वडगावला इंग्रजांना नामुष्की पत्करावी लागली तेव्हा अमेरिकेतलं युद्ध चालू होतं आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा यॉर्कटाउनच्या ब्रिटिश शरणागतीला सात महिने झाले होते. यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला. पेशवे आणि निजाम यांना बरोबर घेऊन त्यानं टिपूशी युद्ध केलं आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात त्याचा निम्मा मुलूख घेऊन वर ३ कोटी ३० लाख रुपयांचं देणं टिपूच्या नावावर चढवलं. साम्राज्याची एक बाजू बंद झाली की दुसऱ्या बाजूला वसुली सुरू होते.

हॅरी वॉशिंग्टन

आता एका माणसाबद्दल जरा सविस्तर बोलतो. त्याचं नाव हॅरी. तो बहुधा गँबिया नदीच्या परिसरात १७४० च्या सुमारास जन्मला. १७६३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टननं त्याला विकत घेतलं आणि ग्रेट डिस्मल स्वाम्प या दलदलीत पाट खणायला लावलं. ती दलदल उपसून जमीन विकायची, असा काही धनिकांचा बेत होता. पुढे हॅरी माउंट व्हर्नन या वॉशिंग्टनच्या घरी आला. १७७१ मध्ये तो पळाला. वॉशिंग्टननं वर्तमानपत्रात जाहिरात देण्यासाठी पैसे मोजले आणि हॅरी पकडला गेला.

नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा शाही गव्हर्नर लॉर्ड डनमोर यानं जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते स्वतंत्र. डनमोर काही मुक्तिदाता नव्हता. तो स्वतः गुलाम बाळगत होता आणि राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना त्याच्या जाहीरनाम्यात जागा नव्हती. मालकांचं कंबरडं मोडायचं, एवढाच त्याचा हिशेब. तरी शेकडो माणसं त्याच्या जहाजांकडे धावली, त्यांतली कित्येक देवीच्या साथीत गेली. हॅरीही १७७६ मध्ये त्यांना जाऊन मिळाला. एक वॉशिंग्टन स्वातंत्र्यासाठी सैन्य चालवत होता, तेव्हाच दुसरा वॉशिंग्टन स्वातंत्र्यासाठी समोरच्या सैन्यात गेला.

हॅरी ‘ब्लॅक पायोनिअर्स’ या पलटणीत कॉर्पोरल झाला. युद्ध संपलं. तहाच्या सातव्या कलमानुसार ब्रिटिशांनी जाताना निग्रो किंवा इतर मालमत्ता बरोबर न्यायची नव्हती. ६ मे १७८३ ला हडसनकाठी टॅपन इथं वॉशिंग्टन आणि ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन यांची भेट झाली. वॉशिंग्टनचा पहिला मुद्दा होता, आमचे गुलाम परत करा. कार्लटन म्हणाला, ज्यांना आम्ही मुक्तीचा शब्द दिला त्यांतले काही जहाजानं गेलेसुद्धा. मात्र जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतो, म्हणजे पुढे भरपाईचा हिशेब करता येईल. अशा रीतीनं ‘बुक ऑफ निग्रोज’ नावाची नोंदवही तयार झाली, साधारण तीन हजार नावांची. तिच्यात जुलै १७८३ च्या एका जहाजावर हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, अशी नोंद आहे. आधीचा मालक म्हणून जनरल वॉशिंग्टनचं नाव आहे आणि सात वर्षांपूर्वी त्याला सोडल्याचाही उल्लेख आहे. माणसं मोकळी झाली ती या अशा नोंदवहीत मालमत्ता म्हणून चढून.

पुढची गोष्ट अमेरिकन पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात या लोकांना खडकाळ जमीन मिळाली. १७९२ मध्ये सुमारे बाराशेजण पंधरा जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले आणि त्यांनी फ्रीटाउन वसवलं. हॅरी त्यांच्यात होता. तिथे कारभार होता एका कंपनीचा. सारा लागणार नाही असं सांगून आणलेल्या लोकांवर कंपनीनं जमिनीचा वार्षिक सारा लावला. १८०० मध्ये वसाहतीतल्या एका गटानं आपले स्वतःचे कायदे लिहून दाराला लावले आणि बंड केलं. जमैकाहून आणलेल्या मरून लोकांच्या मदतीनं कंपनीनं ते चिरडलं. दोघांना फाशी झाली आणि हॅरी वॉशिंग्टनला हद्दपार करण्यात आलं. न विचारता लावलेल्या कराविरुद्ध कंपनीशी भांडणारा हा माणूस बॉस्टनच्या परंपरेतला नाही, असं कोण म्हणेल?

ज्यांची गावं जाळली

१७७६ च्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी आहे. तिच्यातली शेवटची तक्रार सहसा भाषणांत म्हणून दाखवली जात नाही. राजानं घरातच बंडाळी माजवली आणि सीमेवरच्या निर्दयी इंडियन रानट्यांना आमच्या अंगावर घातलं, असं तीत म्हटलं आहे. समतेचं वाक्य आणि हे वाक्य एकाच कागदावर आहे. गावांची राख पुढे कुठल्या वाक्याच्या आधारानं झाली, हे यावरून कळतं.

१७७९ मध्ये वॉशिंग्टननं जनरल सलिव्हनला हौडेनोशोनी, म्हणजे इरोक्वॉय संघाच्या मुलखात पाठवलं. त्यांच्या वस्त्या पूर्ण उद्ध्वस्त करायच्या, असा हुकूम होता. चाळीसहून अधिक गावं जाळली गेली, मक्याची कणसं कापून जाळली, पीचच्या बागा तोडल्या. सैन्याच्या अहवालात १ लाख ६० हजार बुशेल मका नष्ट केल्याचा आकडा आहे. शिपायांच्या रोजनिशा वाचताना मोठी विचित्र गोष्ट जाणवते. ते त्या शेतांचं, त्या नीटनेटक्या लाकडी घरांचं कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवशी ती पेटवतात. हिवाळ्यात हजारो निर्वासित नायगारा किल्ल्याशी भुकेनं आणि थंडीनं गारठले. डिसेंबर १७९० मध्ये सेनेका नायक कॉर्नप्लांटर फिलाडेल्फियात अध्यक्ष वॉशिंग्टनच्या समोर उभा राहिला. त्यानं सांगितलं, आम्ही तुम्हाला गावं उद्ध्वस्त करणारा म्हणतो, आजही ते नाव ऐकलं की आमच्या बायकांचे चेहरे पांढरे पडतात आणि मुलं आईला बिलगतात.

आणि जे अमेरिकेच्या बाजूनं लढले त्यांचं काय झालं? त्याच संघातले ओनायडा लोक क्रांतिकारकांबरोबर राहिले, १७७७ मध्ये ओरिस्कनीला लढले. युद्धानंतर दहा वर्षांच्या आत न्यूयॉर्क राज्यानं त्यांच्या बहुतेक जमिनी काढून घेतल्या. लेनापे लोकांशी १७७८ मध्ये फोर्ट पिट इथं तह झाला. त्यात पुढे मूळ रहिवाशांचं एक राज्य करून त्याला काँग्रेसमध्ये प्रतिनिधी देता येईल, अशी तरतूद होती. तो तह घडवणारा नायक व्हाइट आइज त्याच नोव्हेंबरात अमेरिकन फौजेबरोबर असताना मेला. पुढे अमेरिकन अधिकाऱ्यांपैकीच एकानं लिहिलं, की त्याचा खून झाला होता. ८ मार्च १७८२ ला ग्नाडेनहुटन इथं ख्रिस्ती झालेल्या, शस्त्र न धरणाऱ्या ९६ लेनापेंना पेनसिल्व्हेनियाच्या गावफौजेनं मारलं. त्यांतली ३९ मुलं होती.

१७८३ च्या पॅरिस तहात या जमातींचं नावही नाही. मिसिसिपीपर्यंतचा मुलूख ब्रिटननं अमेरिकेला दिला, जसा वीस वर्षांपूर्वी फ्रान्सनं ब्रिटनला दिला होता. आता वही नव्या मालकाच्या हाती आली. काँग्रेसला कर लावायचा अधिकार नव्हता आणि युद्धाचं कर्ज डोक्यावर होतं. जमीन मात्र होती, किंवा आहे असं तिनं ठरवलं. १७८५ च्या जमीनविषयक कायद्यानं ओहायोपलीकडची जमीन चौकटीत मोजून एकरी किमान एक डॉलर दरानं विकायची ठरली आणि किंमत म्हणून युद्धाचे कर्जरोखेही चालत. न्यूयॉर्कनं कायुगा आणि ओनोंडागा लोकांचा पंधरा लाख एकरांहून अधिक मुलूख सैनिकांना बक्षीस म्हणून वाटला. तिथल्या नव्या गावांना नावं दिली होमर, ओव्हिड, सिसेरो. प्राचीन ग्रीस-रोमची आठवण म्हणून.

शिपायाची चिठ्ठी

आतापर्यंत मी हद्दीबाहेरच्यांबद्दल बोललो. हद्दीच्या आत आलेल्या गरीब गोऱ्यालाही फार सुखाचं गेलं असं नाही. शिपायांना पगार म्हणून मिळाल्या कर्जाच्या चिठ्ठ्या. घरी कर्ज, हातात चिठ्ठी. ती त्यांनी सट्टेबाजांना मातीमोल भावानं विकली. मग मॅसॅच्युसेट्स राज्यानं चिठ्ठ्या बाळगणाऱ्यांना व्याज देण्यासाठी त्याच शेतकऱ्यांवर कर लावला, तोही नाण्यात भरायचा. डॅनिअल शेज हा बंकर हिलला लढलेला कॅप्टन. फ्रेंच सेनानी लाफायेतनं भेट दिलेली तलवार त्याला पैशासाठी विकावी लागली होती. १७८६ च्या शरदात त्यानं आणि इतरांनी जप्तीचे हुकूम काढणारी न्यायालयं बंद पाडली. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे त्यांच्यावर तोफ डागली गेली, चारजण ठार झाले.

या बंडानं घाबरलेले धनिक त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या संविधान परिषदेत होते. त्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नाही. पण गुलामांची तीन-पंचमांश मोजणी आहे, पळालेल्यांना परत करण्याचं कलम आहे आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीला संरक्षण आहे. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टननं सगळे रोखे दर्शनी किमतीनं मान्य केले. मूळ शिपायालाही काही वाटा द्यावा, असं काँग्रेसचा सदस्य मॅडिसन यानं सुचवलं होतं, ते नामंजूर झालं. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्यानं परदेशी माणसाला नागरिक व्हायची सोय केली, फक्त तो मुक्त आणि गोरा असावा.

गरीब गोऱ्याला पैशात न्याय मिळाला नाही, त्याऐवजी गोरेपण मिळालं आणि पश्चिमेकडच्या जमिनीची आशा मिळाली. १७०५ च्या त्या कलमाचा हा राष्ट्रीय विस्तार. त्या ‘गोरा’ शब्दाचा फटका आपल्याही माणसांना बसला. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद गोरा नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलं. त्याच्या बाजूनं लढलेले वकील सखाराम गणेश पंडित यांचंही नागरिकत्व काढण्याचा सरकारनं प्रयत्न केला, तो खटला मात्र पंडितांनी जिंकला. भारतीयांसाठी दार १९४६ मध्ये उघडलं, वर्णाची अट पुरती गेली १९५२ मध्ये.

हद्दीवरचे वाचक

मग क्रांतीनं काहीच बदललं नाही का? बदललं. व्हर्मांटनं १७७७ च्या आपल्या संविधानात प्रौढांची गुलामी बंद केली. उत्तरेकडच्या राज्यांनी एकेक करून पावलं टाकली. पण तिथेही वही उघडीच होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या मुक्ती-कायद्यानं त्यानंतर जन्मलेल्या गुलामांच्या मुलांना वयाच्या अठ्ठावीस वर्षांपर्यंत मालकाकडे राबायला लावलं. मुक्तीची किंमत मुक्त होणाऱ्यानंच मजुरीतून भरायची. त्याच राज्यात सहा महिने राहिलेला गुलाम मुक्त होई, म्हणून राजधानी फिलाडेल्फियात असताना अध्यक्ष वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदतीपूर्वी राज्याबाहेर पाठवून परत आणत असे. ओना जज ही तरुणी २१ मे १७९६ ला, मालक जेवत असताना, घरातून निघून गेली. तिला परत आणायचे प्रयत्न फसले. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्यानं फरारीच होती.

माझ्या मते जाहीरनाम्याचे खरे वाचक ही माणसं होत. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी जानेवारी १७७३ मध्ये, म्हणजे जाहीरनाम्याच्या तीन वर्षं आधी, विधिमंडळाकडे मुक्तीचा अर्ज केला. १७७७ मध्ये प्रिन्स हॉल आणि इतरांनी क्रांतीचीच भाषा वापरून दुसरा अर्ज केला. एलिझाबेथ फ्रीमन त्या वेळी बेट या नावानं ओळखली जाई. तिनं नव्या राज्य-संविधानातली समतेची तरतूद ऐकली, वकील गाठला आणि १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात खटला जिंकला. ज्युरीनं तिला मोकळं केलं आणि वर तीस शिलिंग नुकसानभरपाई दिली. आयुष्यभर दुसऱ्याची देणी फेडलेल्या बाईच्या नावावर त्या वहीत पहिल्यांदा जमेची नोंद झाली. रक्कम छोटी आहे, पण नोंदीची दिशा उलटी आहे.

अमेरिकेत १७९० च्या जनगणनेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. म्हणजे ही गोष्ट आपोआप सुधारत गेली नाही. ती यादवी युद्धानं आणि त्यात लढलेल्या जवळपास दोन लाख काळ्या सैनिक-खलाशांनी मोडली. आणि हे ओळखणारा एक वाचक पुण्यात होता. तरुणपणी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलेल्या जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना गुलामीतून सोडवण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांना नव्हे. आपले देशबांधव शूद्रांना सोडवताना तोच कित्ता गिरवतील, अशी आशाही त्यांनी तिथे लिहिली. फुल्यांनी अमेरिकेच्या इतिहासातून जे निवडलं, ते त्यातलं सर्वांत गाजलेलं पान नव्हतं. जिथे देणं ज्याच्या माथी मारलं होतं त्याच्यावरून उतरवलं गेलं, ते पान त्यांनी उचललं.

अडीचशेवं वर्ष साजरं व्हावं. समतेच्या त्या वाक्यांमुळे गुलाम माणसं विधिमंडळाच्या आणि न्यायालयाच्या दारात गेली, हे सामान्य काम नाही. पण कोणत्याही स्वातंत्र्याची थोरवी मोजताना, त्याच्या लढाईचा खर्च कुणाच्या जमिनीतून, कुणाच्या मजुरीतून आणि कुणाच्या मुलांच्या वर्षांतून वसूल झाला, हे आपण विचारत राहिलं पाहिजे. हा प्रश्न आपल्या देशातल्या धरणग्रस्ताला, वेठबिगाराला, हातातली चिठ्ठी मातीमोल भावानं विकावी लागलेल्या प्रत्येकाला विचारता येतो. आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडूनच ऐकावं लागतं.